एकाच नावाखाली अनेक आजार : पित्तनलिकेच्या कर्करोगाची पार्श्वभूमी

विदर्भातल्या खेड्यापाड्यांत डोळे पिवळे झाले की माणूस आधी कावीळ उतरवणाऱ्याकडे जातो. गळ्यात माळ पडते, चुन्याच्या पाण्यात हात धुतले की पाणी पिवळं होतं, घरच्यांना धीर येतो. विषाणूची कावीळ बहुतेकदा आपोआप उतरते, म्हणून माळेवरचा विश्वासही टिकून आहे. पण अंगाला खाज, लघवी गडद, शौच पांढुरकं, पोटात फारसं दुखत नाही आणि पिवळेपणा वाढतच चाललाय, अशी कावीळ वेगळी. तिथे पित्ताची वाटच अडलेली असते. अडवणारी कधी कधी पित्तनलिकेतली कर्करोगाची गाठ निघते आणि माळेच्या भरवशावर गेलेले आठवडे परत मिळत नाहीत.

या गाठीचे प्रकार डॉक्टरांनाही हळूहळूच उलगडले. १९६५ साली अमेरिकेत जेराल्ड क्लॅट्स्किन यांनी यकृताच्या दाराशी, डावी-उजवी नलिका मिळते तिथल्या, १३ रुग्णांच्या गाठींचं वर्णन केलं. पुढे यकृताच्या आतली, दाराशी असलेली आणि खाली स्वादुपिंडाजवळची अशी विभागणी रूढ झाली. जागा बदलली की शस्त्रक्रियाही बदलते.

कारणंही ठिकाणागणिक निराळी. ईशान्य थायलंडमध्ये गोड्या पाण्यातली कच्ची मासळी खाण्यातून यकृतात शिरणारा चपटा कृमी हे मोठं कारण. १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्याला कर्करोगजनक ठरवलं. जपानमध्ये ओसाकाच्या एका छापखान्यातल्या तरुण कामगारांना हा आजार झाला, तेव्हा संशय यंत्रं पुसायच्या रसायनावर गेला. आपल्याकडे मासळी शिजवूनच खातात. मग तिकडच्या रुग्णांवरचे निष्कर्ष इथे सरसकट कसे लावायचे? २०१७ मध्ये दहा देशांतल्या सुमारे पाचशे गाठींची जनुकं तपासली गेली, तेव्हा त्यांचे चार गट पडले. कृमीमुळे झालेल्या गाठी आणि कृमीशिवायच्या गाठी बऱ्याच अंशी वेगळ्या गटांत गेल्या.

उपचार मात्र तोवर सगळ्यांना एकच होता. २०१० च्या ब्रिटिश चाचणीत ४१० रुग्ण होते. नलिका आणि पित्ताशय, दोन्हींचे कर्करोग एकत्र. जेमसिटाबिन या केमोच्या औषधाला सिस्प्लॅटिन या दुसऱ्या औषधाची जोड दिल्यावर आयुष्याचा मध्यक (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) ८.१ वरून ११.७ महिन्यांवर गेला. त्या काळी ही मोठीच गोष्ट होती. जनुकावर नेमकं काम करणाऱ्या गोळ्या नंतर आल्या : एफजीएफआर२ या जनुकातल्या बदलासाठी पेमिगॅटिनिब २०२० मध्ये, आयडीएच१ या जनुकातल्या बदलासाठी आयव्होसिडेनिब २०२१ मध्ये. हे बदल मुख्यतः यकृताच्या आतल्या गाठींत, साधारण दहात एकाला किंवा थोड्या जास्त रुग्णांत सापडतात. त्यातही एकाच रुग्णाच्या दोन गाठींत वेगवेगळे बदल होऊन औषध निकामी ठरतं, असंही दिसलं आहे.

म्हणून गाठीचा तुकडा काढून केलेली तपासणी (बायोप्सी) फार मोलाची. ही गाठ चिवट, तंतुमय. दुर्बिणीतून ब्रश फिरवून काढलेल्या नमुन्यात पेशी मोजक्याच येतात आणि निदानातच संपतात. अडलेली वाट मोकळी करणारी नळी (स्टेंट) टाकण्याआधी एमआरआय झालेला बरा, कारण नंतर गाठीची व्याप्ती नीट कळत नाही. सेवाग्राम, नागपूर किंवा मुंबईला दुसरं मत घ्यायला निघताना नुसता रिपोर्ट नेऊन भागत नाही. प्रयोगशाळेत तुकडा मेणाच्या छोट्या ठोकळ्यात जपून ठेवलेला असतो. तो ठोकळा आणि काचपट्ट्या मागून घ्याव्यात. जनुकांची तपासणी बहुतेकदा त्यावरच होते.