सात आमदार आणि विरोधी पक्षनेत्याची खुर्ची

2024 च्या निकालानंतर आपल्या महाराष्ट्राच्या विधानसभेत विरोधी पक्षनेत्याची खुर्ची रिकामी राहिली, त्यावरचा वाद समजून घ्यायचा तर बरंच मागे जावं लागतं. 288 पैकी भाजप 132, शिंदेंची सेना 57, अजितदादांचे 41. समोर ठाकरे गट 20, काँग्रेस 16, शरद पवारांचे 10. दहा टक्के म्हणजे 29 आमदार कुणा एका पक्षाचे भरत नाहीत म्हणून पद नाही, असं सांगितलं गेलं. मार्च 2025 मध्ये ठाकरे गटाने भास्कर जाधवांचं नाव दिलं, अधिवेशन संपलं, खुर्ची तशीच.

आता 1972 बघा. काँग्रेस 270 पैकी 222, शेकाप म्हणजे शेतकरी कामगार पक्ष फक्त 7, आणि तरी विरोधी पक्षनेते शेकापचे दि. बा. पाटील. त्यांच्या आधी 1962 पासून त्याच पक्षाचे कृष्णराव धुळप, आणि 62 ला शेकापचे होते 264 पैकी 15. दहा टक्के तेव्हाही भरत नव्हते, पण समोर कुणीतरी बसलं पाहिजे हे सत्तेतल्यांनाही पटत होतं.

विरोधक एवढे थोडे का उरले याची गोष्ट मुंबईतूनच सुरू होते. 1957 ला संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसला घाम फोडला होता, गिरणगावातून, म्हणजे मुंबईच्या कापडगिरण्यांच्या कामगार वस्तीतून, कम्युनिस्ट नेते कॉम्रेड डांगे लोकसभेत गेले. 1 मे 1960 ला मुंबईसह महाराष्ट्र मिळाला आणि समितीला एकत्र धरणारं कारणच संपलं. 62 ला काँग्रेस 215 वर आणि डांगे पडले. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांचं बेरजेचं राजकारण म्हणतात ते हेच, विरोधातला चांगला माणूस हेरायचा आणि आपल्यात घ्यायचा. केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांच्यासारखे शेकाप उभा करणारे लोक तर त्याआधीच काँग्रेसमध्ये परत गेले होते.

गिरणगावात तर संख्या असूनही लाल बावटा, म्हणजे कम्युनिस्टांची युनियन, अल्पसंख्यच राहिला, कारण 1946 चा बी.आय.आर. म्हणजे मुंबई औद्योगिक संबंध कायदा. एका उद्योगात एकच प्रातिनिधिक युनियन, ती काँग्रेसवाल्यांची राष्ट्रीय मिल मजदूर संघ, मालकाशी बोलायचा हक्क फक्त तिला. कामगार मनाने कुणाचेही असोत, करारावर सही त्या युनियनचीच. 18 जानेवारी 1982 ला कामगारनेते दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला तेव्हा हा कायदा रद्द करा ही मागणी त्यात होती, पगारवाढीइतकीच महत्त्वाची, पण लोकांना आता फक्त पगार आणि बोनस आठवतो याचं मला वाईट वाटतं.

माझे आजोबा लालबागला गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते, पक्के लाल बावट्याचे. मतदानाच्या आदल्या रात्री दहा बाय बाराच्या खोलीत मतदारयादी पसरून लाल-निळी पेन्सिल घेऊन बसायचे, कोण गावाला गेलाय, कोण वारलाय, कुणाची रात्रपाळी आहे, सगळं तोंडपाठ. आणि शेजारी सरळ तोंडावर सांगायचे, "अण्णा, माणूस तुम्ही सोन्यासारखे, पण नळाचं काम करायला सत्ता लागते." तेच शेजारी निकालानंतर रेशनकार्डाचा फॉर्म भरायला आमच्याच दारात. आजोबा भरून द्यायचे, कधी कुणाला मताचं विचारलं नाही.

खरा घाव मात्र 1970 चा. 5 जून 1970 ला कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाईंचा लालबागमध्ये खून झाला. ऑक्टोबरच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनीताई उभ्या राहिल्या आणि वामनराव महाडिक निवडून आले, शिवसेनेचे पहिले आमदार. मुख्यमंत्री काँग्रेसचे वसंतराव नाईक, त्यांचाच हात पाठीशी आहे म्हणून लोक सेनेला 'वसंतसेना' म्हणायचे, हे गिरणगावाला सांगावं लागत नव्हतं. सत्ता मलबार हिलवर होती ते एक ठीक, पण आता चाळीच्या गॅलरीतसुद्धा आपण थोडे झालो, हे आजोबांना जास्त लागलं.

आणि तरीही 1972-73 च्या दुष्काळात महागाईवर बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या तेव्हा पुढे होत्या समाजवादी मृणाल गोरे आणि कम्युनिस्ट अहिल्या रांगणेकर, दोघी कायम हरणाऱ्या बाजूच्या. 1977 ला दोघी मुंबईतून खासदार झाल्या, काँग्रेस मुंबईच्या सहाच्या सहा जागा हरली.

त्याच दुष्काळात आमच्या चाळीचं घासलेट महिनाभर आलं नव्हतं. आजोबांनी चाळीतल्या चाळीस बिऱ्हाडांच्या सह्या घेतल्या, काँग्रेसला मत देणाऱ्यांच्यासुद्धा, आणि अर्ज एका विरोधी आमदाराकडे नेऊन दिला, त्यांनी तो सभागृहात काढला. सरकारचं उत्तर आलं, "चौकशी करण्यात येत आहे." घासलेट पुढच्या आठवड्यात आलं.