ययातीच्या उल्का आणि मिथुनेच्या उल्का

‘आज रात्री ताशी शंभर उल्का’ अशा बातम्या ऑगस्टमध्ये फिरतात आणि डिसेंबरमध्ये पुन्हा. बातमी तीच, म्हणून दोन्ही रात्री सारख्याच वाटतात. महाराष्ट्रातून पाहणाऱ्यासाठी मात्र त्यांत खूप फरक आहे.

ययाती तारकासमूहातला वर्षाव १२-१३ ऑगस्टला भरात असतो. स्विफ्ट-टटल हा धूमकेतू साधारण १३३ वर्षांनी सूर्याजवळ येतो, १९९२ साली येऊन गेला. त्याचीच धूळ सेकंदाला ५९ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरते. उल्का सर्रकन जाते, कधी मागे धुरकट रेघ क्षणभर रेंगाळते. युरोप-अमेरिकेत तेव्हा उन्हाळ्याची सुट्टी असते, म्हणून याचा एवढा गाजावाजा. तिकडे राहणाऱ्या आपल्या लोकांनी तो जरूर पाहावा. इथे पावसाळी ढगांपुढे काही चालत नाही.

आपला खरा वर्षाव मिथुनेचा, १३-१४ डिसेंबरचा. हवा कोरडी, आकाश बहुधा स्वच्छ. उगमबिंदू, म्हणजे उल्का जिथून निघाल्यासारख्या वाटतात ती जागा, मिथुनेतल्या पुनर्वसूच्या ताऱ्यांजवळ. तो संध्याकाळी आठच्या सुमारास पूर्वेला वर येतो आणि रात्री दोन-अडीचला जवळजवळ डोक्यावर असतो. त्यामुळे मुलांना झोपण्याआधीही काही उल्का दाखवता येतात. ऑगस्टमध्ये ययाती मात्र रात्री दहानंतर उगवतो आणि त्याची खरी रंगत पहाटेच. मिथुनेच्या उल्का सेकंदाला ३५ किलोमीटरने, म्हणजे सावकाश जातात. ‘ती बघ’ म्हणेपर्यंत शेजारच्यालाही दिसते. नवल म्हणजे त्यांचा जनक धूमकेतू नाही, तर १९८३ साली सापडलेला फेथॉन हा लघुग्रह आहे.

ताशी शंभर-दीडशेचा आकडा दोन्हींसाठी आदर्श स्थितीतला: उगमबिंदू डोक्यावर, आकाश पूर्ण काळोखी. शहराच्या गच्चीवरून त्यातल्या मोजक्याच दिसतील. म्हणून आधी कॅलेंडरात तिथी बघा. पौर्णिमेच्या आसपास फक्त ठळक उल्का उरतात. शुक्ल अष्टमीपर्यंत चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, मग काळोख आपलाच.

दुर्बीण नको, ती आकाशाचा इवलासा तुकडाच दाखवते. चटई, जाड पांघरूण, आणि अर्धा तास मोबाइल न पाहता डोळे अंधाराला सरावू द्या. थेट पुनर्वसूकडे टक लावू नका. तिथल्या उल्का आखूड दिसतात, जरा दूर लांबलचक. दिसलेली रेघ मनातल्या मनात मागे ओढून पाहा. ती पुनर्वसूपाशी पोचली तर उल्का मिथुनेची, नाहीतर एखादी भटकी.