पर्डिटा : हरवलेली मुलगी आणि हरवलेला चंद्र

पर्डिटा हे मुलीचं नाव इंग्रजी बोलणाऱ्या देशांतही क्वचितच आढळतं. इटलीत किंवा स्पेनमध्ये तर ते लेकीला ठेवायला कुणी सहसा धजावणार नाही. इटालियनमध्ये ‘पेर्दिता’ म्हणजे तोटा, नुकसान. घरातला पाण्याचा पाइप गळत असेल तर त्या गळतीलाही हाच शब्द. स्पॅनिशमधला त्याचा भाऊबंद ‘पेर्दिदा’ एखाद्या बाईला लावला, तर ती सरळ शिवीच होते. ज्यांना या नावाचा अर्थ रोजच्या बोलण्यात ऐकू येतो त्यांनी ते टाळलं, आणि ज्यांना तो ऐकू येत नाही त्या इंग्रजी भाषकांत ते तग धरून राहिलं.

मूळ शब्द लॅटिन. ‘पेर्देरे’ हे क्रियापद, अर्थ गमावणे, उधळणे, नासवणे. ‘पेर’ हा उपसर्ग आणि ‘दारे’ म्हणजे देणे, अशी त्याची फोड करतात. देऊन टाकायचं, आणि तेही इतकं की हाती काहीच उरू नये. या ‘दारे’चं आणि संस्कृतातल्या ‘दा’ धातूचं मूळ एकच आहे. ‘पेर्देरे’पासून ‘पेर्दितुस’, म्हणजे हरवलेला. आणि स्त्रीलिंगी ‘पेर्दिता’, हरवलेली.

हा शेवटचा ‘ता’ मराठी घरांतही रोज ऐकू येतो. अर्पिता, अंकिता, ललिता, स्मिता ही नावं धातूला ‘त’ जोडून झालेल्या विशेषणांची स्त्रीलिंगी रूपं आहेत. लॅटिनची ‘तुस, ता, तुम’ आणि संस्कृतची ‘तः, ता, तम्’ ही रूपं एकाच प्राचीन इंडो-युरोपीय प्रत्ययातून उतरली आहेत. मला यातली सगळ्यांत देखणी जोडी वाटते ती ‘देओदाता’ आणि ‘देवदत्ता’ यांची. हजारो किलोमीटर अंतरावरच्या दोन समाजांनी ‘देवानं दिलेली’ हा अर्थ सांगायला तेच जुने धातू आणि तोच प्रत्यय वापरला. याच साच्यात ‘बेनेडिक्टा’ म्हणजे आशीर्वाद लाभलेली आणि ‘रेनाटा’ म्हणजे पुन्हा जन्मलेली अशी नावं झाली. सगळी शुभार्थी. त्यांच्या ओळीत ‘हरवलेली’ ही एकटीच वेगळी पडते.

ती तिथे आली शेक्सपिअरमुळे. ‘द विंटर्स टेल’ हे त्याचं नाटक 15 मे 1611 रोजी लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात पाहिल्याची नोंद सायमन फोरमन नावाच्या ज्योतिषानं करून ठेवली आहे. कथानक शेक्सपिअरनं रॉबर्ट ग्रीनच्या 1588 सालच्या ‘पँडोस्टो’ या गद्यकथेवरून घेतलं. त्या कथेतल्या मुलीचं नाव होतं फॉनिया. शेक्सपिअरनं ते बदललं, आणि या बदलामागे पुरता विचार होता. सिसिलीचा राजा लिऑन्टीस याला पत्नीच्या निष्ठेचा संशय येतो. कैदेत जन्मलेलं तान्हं बाळ दूर कुठेतरी टाकून देण्याचा तो हुकूम देतो. बाळाला घेऊन निघालेल्या सरदाराच्या स्वप्नात राणी येते आणि सांगते, ही मुलगी कायमची हरवली असंच सगळे धरून चालले आहेत, तर हिला पर्डिटा म्हण. इकडे देववाणी झालेली असते की हरवलं आहे ते सापडलं नाही, तर राजा निर्वंश राहील. म्हणजे त्या भाकितातला अर्धा भाग मुलीनं नावातच वागवायचा, आणि उरलेला अर्धा सोळा वर्षांनी खरा व्हायचा. धनगराच्या घरी वाढलेली ती मुलगी अखेर बापाला सापडते.

शेक्सपिअरच्या अखेरच्या काळातल्या नाटकांत अशा तीन मुली आहेत. समुद्रावर जन्मली म्हणून मरीना, हरवली म्हणून पर्डिटा, आणि जिच्याकडे पाहून थक्क व्हावं ती मिरांडा. तिन्ही नावं लॅटिन, तिन्ही अर्थ धरून ठेवलेली. पुढे मेरी रॉबिन्सन या अभिनेत्रीनं 1779 मध्ये लंडनच्या रंगमंचावर पर्डिटाचं काम केलं. तिच्यावर भाळलेला इंग्लंडचा युवराज, म्हणजे नंतरचा चौथा जॉर्ज, तिला नाटकातल्या प्रियकराच्या, फ्लोरिझेलच्या नावानं पत्रं लिही. मेरीला ‘पर्डिटा’ ही ओळख जन्माची चिकटली, ती उत्तम कवयित्री असूनही.

या नावाचा सगळ्यांत विलक्षण प्रवास मात्र आकाशात झाला. युरेनसच्या उपग्रहांना ग्रीक-रोमन देवदेवतांची नावं देत नाहीत. युरेनसचा शोध लावणाऱ्या विल्यम हर्शलचा मुलगा जॉन यानं 1852 मध्ये सुचवलेल्या नावांपासून शेक्सपिअर आणि इंग्रजी कवी अलेक्झांडर पोप यांच्या पात्रांची प्रथा पडली. 1948 मध्ये जेरार्ड कायपर यांना सापडलेल्या उपग्रहाचं नाव मिरांडा ठेवलं गेलं, ते याच प्रथेनं.

24 जानेवारी 1986 रोजी व्हॉयेजर 2 हे यान युरेनसच्या ढगांपासून सुमारे 81,500 किलोमीटरवरून पुढे गेलं. त्याच्या छायाचित्रांतून दहा नवे छोटे उपग्रह हाती आले. मग सगळ्यांचं लक्ष नेपच्यूनकडे वळलं. तेरा वर्षांनी अ‍ॅरिझोना विद्यापीठातले एरिक कारकोश्का तीच जुनी छायाचित्रं पुन्हा तपासत होते. तेव्हा त्यांना एक फिकट ठिपका दिसला. तो माहीत असलेल्या कुठल्याच उपग्रहाचा नव्हता आणि ताराही नव्हता, कारण एका चित्रातून दुसऱ्या चित्रात तो युरेनसभोवती सरकत होता. मे 1999 मध्ये शोध जाहीर झाला आणि ठिपक्याला ‘एस/1986 यू 10’ अशी तात्पुरती ओळख मिळाली.

अडचण पुढे आली. उपग्रहाला कायमचं स्थान द्यायचं तर तो पुन्हा दिसायला हवा. व्हॉयेजर केव्हाच दूर निघून गेलं होतं. सूर्यापासून सुमारे 290 कोटी किलोमीटरवरच्या ग्रहाच्या अगदी कुशीतला, त्याच्याच झगमगाटात बुडालेला हा बारीक दगड इथून टिपणं फार कठीण. त्याचा व्यास साधारण 30 किलोमीटर, म्हणजे सीएसएमटीहून मुलुंडपर्यंत लोकलनं जावं तेवढाच. पुरावा मिळेना, म्हणून 2001 मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेनं त्याला यादीतून काढून टाकलं. काहींना हा निर्णय कोरडा वाटेल. मला तो योग्य वाटतो.

युरेनसच्या या परिसरानं आधीही चकवलं होतं. 10 मार्च 1977 रोजी युरेनस एका ताऱ्यासमोरून जाणार होता. तमिळनाडूतल्या कावलूर वेधशाळेतून जे. सी. भट्टाचार्य आणि के. कुप्पुस्वामी यांनी त्या ताऱ्याचा प्रकाश क्षणभर मंदावल्याचं टिपलं. हा युरेनसचा नवा उपग्रह असावा, असा निष्कर्ष त्यांनी ‘नेचर’मध्ये मांडला. त्याच रात्री उडत्या विमानातल्या दुर्बिणीतून जेम्स एलियट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिलं की प्रकाश ग्रहाच्या दोन्ही बाजूंना सारख्याच अंतरांवर मंदावतो. ती युरेनसची कडी होती. कावलूरचा वेध अचूकच होता. वाटेत आलेली वस्तू उपग्रह नसून बाहेरचं कडं होतं.

2003 च्या ऑगस्टमध्ये मार्क शोवॉल्टर आणि जॅक लिसॉअर यांनी हबल या अंतराळातल्या दुर्बिणीचा कॅमेरा बराच वेळ उघडा ठेवून युरेनसची छायाचित्रं घेतली. त्यांत दोन नवे उपग्रह सापडले, मॅब आणि क्युपिड. आणि कारकोश्कांच्या गणितानुसार ठिपका जिथे असायला हवा होता तिथे तोही सापडला. योगायोग असा की त्याच ऑगस्टमध्ये पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत महिलांची 100 मीटर अडथळा शर्यत कॅनडाच्या ज्या धावपटूनं जिंकली, तिचंही नाव पर्डिटा, पर्डिटा फेलिसियन. 2005 च्या डिसेंबरअखेर उपग्रहाला अधिकृत नाव मिळालं, पर्डिटा.

त्याची चालही लक्ष देऊन पाहावी अशी आहे. युरेनसच्या केंद्रापासून सुमारे 76,400 किलोमीटरवर तो फिरतो, आणि जेमतेम हजारभर किलोमीटर आत बेलिंडा हा त्याच्याहून बराच मोठा शेजारी. बेलिंडाची एक फेरी सुमारे 14 तास 58 मिनिटांत होते, पर्डिटाची सुमारे 15 तास 19 मिनिटांत. हिशेब केला तर बेलिंडाच्या 44 फेऱ्या होतात तेवढ्या वेळात पर्डिटाच्या 43. म्हणजे साधारण साडेसत्तावीस दिवसांनी बेलिंडा पर्डिटाला मागून गाठतो आणि पुढे निघून जातो. दर भेटीत त्याचं गुरुत्वाकर्षण पर्डिटाला किंचित हिसका देतं. भेटी ठरलेल्या लयीत होतात म्हणून हे हिसके एकमेकांत मिसळून विरत नाहीत, साठत जातात. त्यामुळे पर्डिटाची कक्षा केप्लरच्या नियमांतल्या साध्या लंबवर्तुळाला धरून चालत नाही.

इतके उपग्रह इतक्या थोड्या जागेत दाटीनं फिरत आहेत की हे फार काळ टिकेल असं संगणकावरची गणितं सांगत नाहीत. क्युपिड आणि बेलिंडा यांच्या कक्षा एक हजार ते एक कोटी वर्षांच्या दरम्यान कधीतरी एकमेकींना छेदतील असा अंदाज आहे. सूर्यमालेच्या वयापुढे हा काळ काहीच नाही. अशा टकरींतून उपग्रह फुटतात, कडी बनतात, आणि त्यांच्या चुऱ्यातून पुन्हा नवे उपग्रह जमत असावेत, असं काही अभ्यासकांना वाटतं.

2023 च्या डिसेंबरमध्ये जेम्स वेब दुर्बिणीचं युरेनसचं एक छायाचित्र प्रसिद्ध झालं. त्यात चौदा उपग्रहांवर नावं घातली आहेत. मूळ चित्र मोठं करून कड्यांच्या बाहेरच्या काठाशी नजर फिरवली, तर बेलिंडा आणि पक यांच्यासोबत पर्डिटाचाही ठिपका सापडतो.