कंटेनरच्या भिंती कधी उभ्या राहिल्या

६४ जीबी मेमरीच्या सर्व्हरवर २ जीबीची मर्यादा घालून एखादा कंटेनर, म्हणजे प्रोग्राम इतरांपासून वेगळा ठेवून चालवणारा कप्पा, चालवा आणि आत शिरून मेमरी किती आहे ते सांगणारी ‘फ्री’ कमांड द्या. उत्तर येतं ६४ जीबी. मर्यादा लागू असते. ती ओलांडली आणि मेमरी मोकळी करता आली नाही, की कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्राम, मारून टाकतो आणि प्रोग्राम कसा संपला ते सांगणारा एक्झिट कोड १३७ दिसतो. आतल्या प्रोग्रामला मात्र शेवटपर्यंत वाटत असतं की अख्खं मशिन आपलंच आहे.

हे असं का होतं, ते कंटेनर कसा घडला हे पाहिल्याशिवाय कळत नाही. लिनक्स कर्नलमध्ये ‘कंटेनर’ नावाची एकसंध वस्तूच नाही. वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या गरजांपोटी बांधलेल्या भिंती आहेत, आणि त्या जिथे जुळत नाहीत तिथे फटी आहेत.

पहिली भिंत १९७९ची, युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतली ‘सीएचरूट’. एखाद्या प्रोसेसला ठरावीक डिरेक्टरीच संपूर्ण फाइलसिस्टिम भासवायची, एवढंच तिचं काम. नेटवर्क, मेमरी, इतर प्रोसेस सगळं सामाईकच राहायचं, आणि आतला रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेला यूजर, चार ओळींच्या कोडने बाहेर पडू शकायचा. २००० साली युनिक्सच्या कुळातल्या फ्रीबीएसडी ४.० मध्ये पॉल-हेनिंग कांप यांचं ‘जेल’ आलं. त्यात प्रत्येक कप्प्याला स्वतःचा आयपी पत्ता मिळाला, शेजारच्या प्रोसेस दिसेनाशा झाल्या आणि मुख्य म्हणजे रूटचे अधिकारही छाटले गेले.

बाकीचं जग तेव्हा व्हर्च्युअल मशिनकडे, म्हणजे एका सर्व्हरवर सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी संगणकांकडे, वळत होतं. २००६मध्ये ॲमेझॉनची भाड्याने सर्व्हर देणारी ईसीटू सेवा त्याच पायावर उभी राहिली. पण प्रत्येक मशिनमागे एक पूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम वागवायची, हा खर्च गूगलला परवडणारा नव्हता. तिथे एकाच सर्व्हरवर तातडीची आणि सवडीची कामं शेजारीशेजारी चालवायची होती, आणि एकाने दुसऱ्याची मेमरी किंवा सीपीयू खाऊ नये हे पाहायचं होतं. त्यासाठी पॉल मेनेज आणि रोहित सेठ यांनी २००६मध्ये ‘प्रोसेस कंटेनर्स’ लिहायला घेतलं. कर्नलमध्ये ‘कंटेनर’ हा शब्द आधीच इतर अर्थांनी वापरात होता, म्हणून नाव बदलून ‘कंट्रोल ग्रुप्स’, म्हणजेच ‘सीग्रुप्स’ झालं. जानेवारी २००८च्या लिनक्स २.६.२४ आवृत्तीत ते सामील झालं.

इथे नीट लक्ष द्यायला हवं. सीग्रुप्स हिशेब ठेवतात आणि मर्यादा घालतात; काही लपवत नाहीत. लपवण्याचं काम नेमस्पेसेसचं, आणि त्या २००२पासून एकेक करत आल्या: आधी फाइलसिस्टिमच्या माउंटची (कुठली फाइलसिस्टिम कुठे जोडलेली दिसते त्याची), पुढे प्रोसेसची, नेटवर्कची. मेमरीचा आकडा लपवणारी नेमस्पेस मात्र आलीच नाही. म्हणून ‘फ्री’ संपूर्ण मशिनचा आकडा वाचतं. जुनं जावाही तेच करायचं: दिसणाऱ्या मेमरीचा चौथा हिस्सा, म्हणजे १६ जीबी, हीपची (प्रोग्रामचा डेटा ठेवायच्या मेमरीची) कमाल मर्यादा धरायचं आणि २ जीबीच्या कंटेनरमध्ये मारलं जायचं. मार्च २०१८च्या जेडीके १०पासून जावा सीग्रुपची मर्यादा स्वतःहून वाचू लागलं.

कंटेनर घरोघरी पोचवणाऱ्या डॉकर या साधनाने एकही नवी भिंत बांधली नाही. मार्च २०१३मध्ये पायकॉन परिषदेत सॉलोमन हाइक्स यांनी पाच मिनिटांत ते दाखवलं, तेव्हा खाली एलएक्ससी हे लिनक्सवर कंटेनर चालवणारं आधीपासूनचं साधन होतं. डॉकरचं खरं योगदान इमेजचं, म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणाऱ्या फाइल्सच्या गाठोड्याचं: थरांची रचना, डॉकरफाइल (इमेज बांधायची कृती), आणि बांधलेली इमेज जशीच्या तशी दुसऱ्या मशिनवर खेचून चालवणं. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला रोजच्या कामावर सर्वाधिक परिणाम करणारा शोध हाच. पुढच्याच वर्षी गूगलने ‘बोर्ग’ या आपल्या अंतर्गत प्रणालीच्या अनुभवावर कुबरनेटीस उभं केलं आणि हजारो कंटेनर सांभाळण्याचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला.

सीएचरूटच्या काळातला रूटचा प्रश्न मात्र तसाच मागे राहिला. वेगळी सोय केली नाही, तर कंटेनरमधला रूट आणि होस्टवरचा (कंटेनर चालवणाऱ्या मूळ मशिनवरचा) रूट यांचा यूजर आयडी एकच असतो, शून्य. काही अधिकार काढून घेतलेले असतात, पण भिंतीला भगदाड पडलं तर बाहेर येणारा रूटच असतो. त्यावरचा उपाय, आतल्या रूटला बाहेर साध्या यूजरचा आयडी देणारी यूजर नेमस्पेस, लिनक्स ३.८ मध्ये फेब्रुवारी २०१३ला पूर्णत्वाला आला होता. कुबरनेटीसमध्ये ही सोय आपसूक उपलब्ध व्हायला एप्रिल २०२५ची १.३३ आवृत्ती यावी लागली. त्या आवृत्तीतही पॉडच्या (कुबरनेटीस एकत्र चालवतं त्या कंटेनरांच्या गटाच्या) वर्णनात ‘होस्टयूजर्स: फॉल्स’ असं स्वतः लिहिल्याशिवाय ती लागू होत नाही.