बोअरच्या पाण्यातला साबण आणि पॅरिसच्या पोटातली हाडं

मागच्या आठवड्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर पॅरिसच्या कॅटाकोम्बचा, म्हणजे तिथल्या जमिनीखालच्या हाडांच्या त्या अफाट साठ्याचा एक व्हिडिओ आला. मागे भीतीदायक म्युझिक, आणि बोलणारा सांगत होता की इथले कित्येक मृतदेह शेकडो वर्षं कुजलेच नाहीत कारण जागा शापित आहे. मी ती जागा बघून आलेय, त्यामुळे ते ऐकून खरंच वाईट वाटलं. न कुजलेल्या देहांची गोष्ट खरी आहे, पण ते देह कॅटाकोम्बमध्ये नाही तर दुसऱ्याच ठिकाणी सापडले होते, आणि त्यामागचं कारण असं आहे की ज्यांच्या घरी बोअरचं पाणी येतं त्यांनी ते आपल्या बादलीत रोज पाहिलेलं आहे.

आधी जागेबद्दल. दांफेर-रोशरो मेट्रो स्टेशनच्या बाहेरच एंट्री आहे. १३१ पायऱ्या गोल गोल उतरून जमिनीखाली २० मीटर जायचं. वर ऊन असो की बर्फ, खाली वर्षभर साधारण १४ अंश. हाडं लगेच दिसत नाहीत, आधी बराच वेळ अरुंद बोगद्यांतून चालावं लागतं आणि मला तर तोच भाग फार आवडला, कारण ही मुळात स्मशानभूमी नाहीच, चुनखडीची खाण आहे. साडेचार कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता, त्याच्या तळाशी शिंपल्यांचा गाळ साचून हा दगड झाला. पॅरिसचं रोमन नाव लुटेशिया, त्यावरून त्या भूशास्त्रीय काळालाच ल्युटेशियन म्हणतात. नोत्र-दामचं चर्च याच जातीच्या दगडाचं. म्हणजे शहराने आपल्याच पायाखालचा दगड काढून आपल्याच डोक्यावर रचला, आणि मग १७७४ मध्ये एक रस्ता खचला तेव्हा सगळ्यांचे डोळे उघडले. १७७७ मध्ये खाणींच्या तपासणीसाठी वेगळं खातंच काढलं आणि गियोमो नावाच्या आर्किटेक्टने जमिनीखाली भिंती बांधून वरचं शहर सावरलं.

त्याच सुमाराला वर दुसरं संकट होतं. शहराच्या मध्यावर, ले आल बाजाराला लागून, इनोसाँ नावाची दफनभूमी होती. शेकडो वर्षं तिथेच दफन चालू, जमीन आजूबाजूच्या रस्त्यांपेक्षा दोन मीटरहून जास्त वर आलेली. गरिबांसाठी मोठाले सामायिक खड्डे असायचे, एकेका खड्ड्यात हजार-दीड हजार शवपेट्या एकमेकींना चिकटून. १७८० मध्ये शेजारच्या घराच्या तळघराची भिंत फुटली, आतलं सगळं तळघरात आलं, आणि दफनभूमी बंद झाली. मग १७८६ पासून रात्री गाड्या भरभरून हाडं त्या रिकाम्या खाणींमध्ये नेली. पुढे इतर दफनभूम्यांचीही गेली, मिळून काही लाखांत नाही तर साठेक लाख माणसांची, असं सांगतात.

खोदकामावर लक्ष ठेवायला तूरे नावाचे डॉक्टर होते आणि सोबत फूर्क्रुआ हे रसायनशास्त्रज्ञ, लॅव्हाझिएबरोबर रसायनांच्या नावांची नवी पद्धत बसवणाऱ्यांपैकी एक. इनोसाँच्या मातीची ख्याती अशी की ती काही दिवसांत देह खाऊन टाकते. पण सामायिक खड्डे उघडले तर उलटंच! देहांच्या जागी करडी-पांढरी, मऊ, मेणासारखी वस्तू, माणसाचा आकार तसाच. खोदणाऱ्या मजुरांना ती आधीपासून माहीत होती, ते तिला सरळ 'चरबी' म्हणायचे, आणि ती एकेकट्या पुरलेल्या देहांत नाही तर गर्दीच्या खड्ड्यातच मिळते हेही त्यांना ठाऊक होतं. फूर्क्रुआने तिला नाव दिलं ॲडिपोसिर, म्हणजे चरबी-मेण.

आता हे मेण होतं कसं? चरबीचा रेणू म्हणजे ग्लिसरॉलचा एक कणा आणि त्याला लटकलेल्या फॅटी ॲसिडच्या तीन लांब शेपट्या. मृत्यूनंतर शरीरातली आणि बॅक्टेरियांची एन्झाइम पाण्याच्या मदतीने या शेपट्या तोडतात. मोकळी हवा असली तर बुरशी आणि बॅक्टेरिया पुढे त्या शेपट्याही खाऊन संपवतात. पण खड्डा ओला, दाबलेला, ऑक्सिजन नाही, असं असलं की काम अर्ध्यावर अडकतं. सुटी फॅटी ॲसिड तशीच साठत जातात, आणि त्यांच्या आंबटपणामुळे उरलेल्या बॅक्टेरियांनाही तिथे जगणं कठीण होतं.

बरं, माणसाच्या चरबीत सगळ्यात जास्त असतं ओलेइक ॲसिड, जे ऑलिव्ह तेलातही भरपूर असतं आणि १३-१४ अंशांच्या वर पातळच राहतं, कारण त्याच्या शेपटीत एक दुहेरी बंध आहे आणि तिथे ती वाकलेली असते म्हणून रेणू एकमेकांना नीट चिकटून बसत नाहीत. मग घट्ट मेण कुठून आलं? तर काही बिनऑक्सिजनचे बॅक्टेरिया, क्लॉस्ट्रिडियम गटातले, त्या दुहेरी बंधावर पाण्याचा रेणू बसवतात आणि ओलेइकचं १०-हायड्रॉक्सीस्टिअरिक ॲसिड करतात. बंध गेला, वाक गेला, शेपट्या सरळ होऊन एकमेकींना बिलगल्या, आणि वितळण्याचा बिंदू गेला ८० अंशांच्या आसपास! कारखान्यात तेलाचं डालडा करताना हाच दुहेरी बंध हायड्रोजनने घालवतात, इथे तो पाण्याने गेला एवढाच फरक. आधीपासून असलेलं पामिटिक ॲसिड ६३ अंशांपर्यंत घट्टच असतं, तेही यात मिसळलेलं असतं.

आणि आता बादली. प्रोटीन कुजून अमोनिया सुटतो, तो या ॲसिडशी जुळला की साबण तयार होतो, अक्षरशः साबण. मग मातीतल्या पाण्यातलं कॅल्शियम येऊन अमोनियाला हटवतं आणि त्याची जागा घेतं. कॅल्शियमचा साबण पाण्यात विरघळत नाही, तो कडक होतो. शाळेत दुष्फेन पाणी शिकलो होतो ना, बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि बादलीला पांढरा चिकट थर बसतो, तो थर हाच कॅल्शियमचा साबण. त्यामुळे एखादा देह कुजला नाही म्हणून त्याला शाप चिकटवायची गरज नाही आणि चमत्कारही म्हणायची गरज नाही. तिथे पाणी किती होतं आणि हवा किती होती, एवढं विचारावं. गर्दीत पुरलेले सगळे गरीब होते, त्यांच्या वाट्याला आलेल्या खड्ड्यात हवा नव्हती.

फूर्क्रुआचं एक चुकलं मात्र. त्यांना वाटलं हे मेण, पित्ताशयातल्या खड्यांतला पदार्थ आणि स्पर्म व्हेलच्या डोक्यातलं मेण हे सगळं एकाच जातीचं. ते वेगवेगळे आहेत हे शेव्ह्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने दाखवलं. पित्ताच्या खड्यातल्या पदार्थाला त्यानेच कोलेस्टेरीन म्हटलं, आपल्या ब्लड रिपोर्टमधलं कोलेस्टेरॉल ते हेच. हा शेव्ह्रल जन्मला १७८६ मध्ये, ज्या वर्षी हाडांच्या गाड्या निघाल्या, आणि जगला १०२ वर्षं.

खाली गेलात तर हे मेण बघायला मिळणार नाही, तिथे फक्त हाडं आहेत. दारावर लिहिलंय, 'थांब! हे मृत्यूचं साम्राज्य आहे', आणि पुढे मांडीची हाडं लाकडांसारखी रचलेली, मधून कवट्यांच्या ओळी. ही सजावट १८१० च्या सुमाराला खाणींच्या तपासणी खात्याचे तेव्हाचे प्रमुख एरिकार द थ्यूरी यांनी करवली, आधी नुसते ढीग होते. हाडं इतकी टिकली त्यात चुनखडीचाही वाटा आहे. हाड म्हणजे बरंचसं कॅल्शियम फॉस्फेट, ते आम्लात विरघळतं, पण चुनखडीतून झिरपणारं पाणी आम्लधर्मी राहत नाही. आपल्या कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीत हाडांना इतकं सोपं गेलं नसतं.

जायचं असेल तर तिकीट आधी ऑनलाइन काढा, स्वेटर घ्या, आणि गुडघे दुखत असतील तर विचार करा, कारण लिफ्ट नाही आणि शेवटी ११२ पायऱ्या चढायच्या आहेत. दीड किलोमीटरचा रस्ता आहे, तासभर लागतो. हाडांना हात लावू नका, ती माणसं आहेत. आणि वर आल्यावर मेट्रोने ले आलला जा. इनोसाँच्या जागी आता चौक आहे, मध्ये १५४९ चं जुनं कारंजं, आजूबाजूला कॅफे. मी तिथे बाकावर बसून बराच वेळ त्या फरशीकडे बघत होते, फूर्क्रुआ आणि ते खोदणारे मजूर इथेच कुठेतरी उभे होते.