पगार घसरला की नुसती सरासरी?

अमेरिकेत पूर्णवेळ काम करणारा गोरा कामगार एक डॉलर कमवायचा, तेव्हा 1979 मध्ये हिस्पॅनिक (म्हणजे मेक्सिकोसारख्या स्पॅनिशभाषक देशांत मुळं असलेल्या) कामगाराच्या हातात साधारण 78 सेंट पडायचे. 2000 साली ते 68 च्या आसपास आले आणि 2022 मध्ये पुन्हा 76 झाले (आठवड्याला 1,085 डॉलरच्या समोर 823). आकडे तिथल्या सरकारी कामगार सांख्यिकी विभागाचे आहेत. ते वाचून कुणीही म्हणेल, की वीस वर्षं ही माणसं मागेच पडत गेली. पण समूहाचा आकडा घसरणं वेगळं आणि त्यातला माणूस घसरणं वेगळं.

छोटा हिशेब करू. दहा हिस्पॅनिक कामगारांना तासाला 14 डॉलर मिळतात, गोऱ्यांना 20. म्हणजे 70 टक्के. काही वर्षांनी त्या दहा जणांना 16 मिळू लागले, गोऱ्यांना 22. आता 73 टक्के झाले, अंतर कमी झालं. पण तेवढ्यात आणखी दहा जण नवे आले आणि 10 डॉलरवर कामाला लागले. वीस जणांची सरासरी 13, म्हणजे 59 टक्के! पगार एकाचाही कापला गेला नाही, तरी समूह ‘घसरला’.

प्रत्यक्षातही असंच काहीसं झालं. 1980 च्या जनगणनेत हिस्पॅनिक 1 कोटी 46 लाख होते, 2000 मध्ये 3 कोटी 53 लाख. यात तिथेच जन्मलेली मुलं पुष्कळ, पण मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेलेही लाखोंनी. शाळा अर्धवट, इंग्रजी तोडकं, अनेकांकडे कागदपत्रं नाहीत. मग शेतमजुरी, बांधकाम, हॉटेलातली भांडी. 2007 नंतरच्या मंदीत मेक्सिकोतून येणारा ओघ आटला. पुढे आकडा वर सरकला त्यात याचाही वाटा आहे.

अर्थात सगळं खापर नव्या आवकीवर फोडणं हीसुद्धा लबाडीच. 1980 च्या दशकात कमी शिकलेल्या पुरुषांची कमाई महागाईच्या मानाने खरोखर घटली, आणि अमेरिकेतच जन्मलेले हिस्पॅनिकही सरासरीने गोऱ्यांच्या मागेच आहेत. त्यातलं बरंचसं अंतर शिक्षणाचं आहे, सगळं नाही.

मग माणसाची प्रगती मोजायची कशी? पिढी धरून. समजा, बाप कॅलिफोर्नियातल्या सॅलिनस खोऱ्यात वाकून लेट्यूस कापतो आणि मुलगी तिथल्याच शाळेच्या ऑफिसात संगणकावर बसते. वार्षिक सरासरीत दोघं एकाच रकान्यात असतात; पिढीच्या मोजणीत त्यांच्यातलं अंतर दिसतं. मात्र या मोजणीलाही एक भोक आहे. हिस्पॅनिक कोण, हे जो तो स्वतःच सांगतो. त्या मुलीने गोऱ्याशी लग्न केलं, तिची लेक वकील झाली आणि फॉर्मवरच्या ‘तुम्ही हिस्पॅनिक आहात का?’ या प्रश्नापुढे तिने ‘नाही’वर खूण केली, तर लेट्यूस कापणाऱ्या आजोबांच्या नातीचा पगार गोऱ्यांच्या खात्यात जमा होतो.