क्लॉस्ट्रिडियमचं विभाजन आणि टिकून राहिलेला 'सी'

बडोद्यातल्या एखाद्या मायक्रोबायोलॉजी लॅबमधलं जुनं रजिस्टर आणि आजचा रिपोर्ट शेजारी ठेवले, तर एकाच जंतूची दोन नावं दिसतात: क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल आणि क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल. तोंडी मात्र तेव्हाही 'सी. डिफ' आणि आताही 'सी. डिफ'.

क्लॉस्ट्रिडियम या प्रजातीचं (जीनसचं) नाव 1880 चं, ग्रीकमधल्या चातीवरून. बीजाणूमुळे दंडाणू फुगतो, तेव्हा तो सूत कातायच्या चातीसारखा दिसतो. पुढे निकष ठरले ते असे: ग्रॅम-पॉझिटिव्ह (ग्रॅम स्टेन या रंगपरीक्षेत जांभळा दिसणारा), बीजाणू करणारा, ऑक्सिजनशिवाय वाढणारा, सल्फेटचं रिडक्शन न करणारा. या चार अटींत बसेल ते सगळं आत आलं, आणि प्रजातीची अडगळीची खोली झाली. ग्रॅम स्टेनही फसवतो. कल्चर शिळं झालं की हेच दंडाणू गुलाबी दिसतात, म्हणून स्मिअर (काचेवरचा पातळ थर) ताज्या वाढीचाच हवा.

आपला जंतू 1935 मध्ये नवजात बाळांच्या शौचात सापडला. वाढवायला अवघड, म्हणून 'डिफिसिल'. 1938 मध्ये तो क्लॉस्ट्रिडियममध्ये गेला. अँटिबायोटिकनंतरच्या कोलायटिसशी (मोठ्या आतड्याच्या दाहाशी) त्याचा संबंध जुळला 1978 मध्ये.

खरा पेच 1994 चा. 16एस आरआरएनएच्या (जंतूंचं आपसातलं नातं ज्यावरून तपासतात त्या रेणूच्या) तुलनेत क्लॉस्ट्रिडियम प्रजातीचे 19 गट पडले. प्रजातीचं नाव तिच्या प्ररूप (नमुना म्हणून ठरलेल्या) जातीबरोबर राहतं, असा नियम आहे. प्ररूप ब्युटिरिकम, ती पहिल्या गटात. टिटॅनी, बोट्युलिनम, परफ्रिंजेन्स या जातीही तिथेच. डिफिसिल अकराव्या गटात, म्हणजे नावावर त्याचा हक्कच नव्हता. तरी ते वीस वर्षांहून अधिक काळ चाललं. 2013 मध्ये पेप्टोक्लॉस्ट्रिडियम सुचवलं गेलं. ते रूढ झालं असतं तर 'सी. डिफ'चं 'पी. डिफ' झालं असतं आणि वॉर्डातले फॉर्म, किट, 'सी. डिफिसिल इन्फेक्शन'चा सीडीआय हा संक्षेप, सगळं बदलावं लागलं असतं. 2016 मध्ये क्लॉस्ट्रिडिऑइडिस आलं: 'क्लॉस्ट्रिडियमसारखा', वेगळी प्रजाती, अद्याक्षर तेच. याला काहींनी तडजोड म्हटलं. पण वर्गीकरणाला यात कुठेही मुरड घातलेली नाही; नाव निवडताना रुग्णाच्या कागदांचा विचार झाला, आणि तो व्हायलाच हवा होता.

त्याच वर्षी क्लॉस्ट्रिडियम हिस्टोलिटिकम ही दुसरी जातही हॅथवेया प्रजातीत गेली. तिथे अद्याक्षर बदललं, म्हणून अशा रिपोर्टवर नव्या नावापुढे कंसात जुनं नाव लिहावं. नाहीतर त्याच रुग्णाचा आधीचा रिपोर्ट शोधताना सापडत नाही.